शल्याचा मुक्काम

गेल्या पावसाळ्यात अण्णांच्या डोळ्यांची ऑपरेशनं झाली. आधी उजवा, मग सहा आठवड्यांनी डावा. ज्या माणसाने आयुष्यभर सकाळचं वर्तमानपत्र पहिल्या पानावरच्या तारखेपासून शेवटच्या पानावरच्या मुद्रकाच्या नावापर्यंत वाचलं, त्याला आता दिवस खायला उठायचा. म्हणून रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की मी त्यांना महाभारताचं मराठी भाषांतर वाचून दाखवू लागले.

अण्णा पाटबंधारे खात्यात होते. शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले. त्यांचं ऐकणंही साइटवरच्या माणसाचं. अक्षौहिणीत एकवीस हजार आठशे सत्तर हत्ती म्हटल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "एवढ्यांना रोजचं पाणी किती लागेल?" लाक्षागृहाच्या भिंतींत लाख आणि तूप भरलं होतं असं वाचलं, तेव्हा म्हणाले, "वास येणारच." पुढे युधिष्ठिराला तो वास येतो, ते ऐकून समाधानाने मान हलवली.

असं करत करत उद्योगपर्वाचा आठवा अध्याय आला. शल्याचा.

शल्य म्हणजे मद्र देशाचा राजा, माद्रीचा भाऊ, नकुल-सहदेवांचा सख्खा मामा. पांडवांचा निरोप मिळाला तसा तो मोठं सैन्य घेऊन त्यांच्या बाजूने लढायला निघाला. ही बातमी दुर्योधनाला लागली. त्याने वाटेवर सैन्य घालून मामांना अडवलं नाही. त्याने कारागीर पाठवले. शल्याच्या मार्गावर सुंदर ठिकाणं निवडून त्यांनी मुक्कामाचे मंडप उभारले. तिथे फुलांच्या माळा, मांस, उत्तम अन्न, पेयं, खेळ. तऱ्हेतऱ्हेच्या विहिरी, बारवा, पाण्यातली घरं. प्रत्येक मुक्कामावर दुर्योधनाचे सचिव हात जोडून उभे. देवासारखी पूजा झाली आणि शल्याला वाटू लागलं, आपल्यापुढे इंद्रसुद्धा काय!

"विहिरी खणल्या?" अण्णांनी मला थांबवलं. "सैन्य चालत येतंय आणि त्याच्या पुढे विहिरी खणतायत?"

मी पुढे वाचत राहिले. प्रसन्न झालेल्या शल्याने सेवकांना विचारलं, युधिष्ठिराच्या कुठल्या माणसांनी हे मंडप उभारले? बोलवा त्यांना, मला बक्षीस द्यायचंय. सेवकांनी आत कळवलं आणि लपून राहिलेला दुर्योधन पुढे आला. शल्याने त्याला मिठी मारली. म्हणाला, हवं ते माग. दुर्योधन म्हणाला, माझ्या सगळ्या सैन्याचे नेते व्हा. शल्य म्हणाला, केलं. आणखी काय करू?

मी पान उलटणार, तेवढ्यात अण्णा म्हणाले, "थांब जरा."

मी थांबले. बाहेर पागोळ्या गळत होत्या.

"गणपतीपुळे आठवतं का तुला?"

न आठवून कसं चालेल? १९८६चा मे महिना. मी दहा वर्षांची, भाऊ सहाचा. आमच्या घरातली ती पहिली सहल, आणि पुढे कितीतरी वर्षं शेवटचीही. अण्णांच्या ऑफिसातले एक जण म्हणाले होते, गाडीची सोय होतेय, वहिनींना आणि पोरांना समुद्र दाखवून आणा. पांढरी अँबॅसॅडर दारात आली तेव्हा अख्खी गल्ली बघायला उभी होती. कराड, पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट. घाटात मला उलटी झाली, तर ड्रायव्हरने लगेच लिंबू आणि पाण्याची बाटली पुढे केली. चिपळूणला मुक्काम. आमच्यासाठी ताटं वाढून तयार होती. पुळ्याला समुद्राजवळ एक कौलारू घर, त्याला लांबलचक व्हरांडा. एक बाई सकाळी घावन आणि नारळाचं दूध आणून द्यायच्या. दुपारी सोलकढी. रात्री गाद्या घातलेल्या.

मला सगळ्यात जास्त आठवते ती आई. ती व्हरांड्यात केस मोकळे सोडून बसली होती. दुपारच्या वेळी आईला बसलेली मी त्याआधी पाहिलीच नव्हती. मी हाक मारली, तर तिने वळूनही पाहिलं नाही, नुसती "हं" म्हणाली आणि समुद्राकडे बघत राहिली.

शेवटच्या संध्याकाळी एक गृहस्थ आले. पांढरा सफारी, हातात शहाळी. मला आणि भावाला एकेक दिलं. ते आईला म्हणाले, "वहिनी, काही कमी पडलं नाही ना?" आणि अण्णांना नुसता नमस्कार करून निघून गेले. माझ्या लेखी ते एक चांगले काका होते. आजवर होते.

"त्याने काही मागितलं नाही," अण्णा सांगत होते. डोळ्यांवर हिरवी पट्टी, त्यामुळे चेहरा कुठे वळलाय ते कळत नव्हतं. "जूनमध्ये त्याचं बिल टेबलावर आलं. एका मायनरच्या, म्हणजे छोट्या कालव्याच्या, अस्तरीकरणाचं. काँक्रीटची जाडी साडेसात सेंटिमीटर हवी. मी तीन ठिकाणी फोडून पाहिली होती. पाच. साडेपाच. एके ठिकाणी जेमतेम सहा. आकडे खिशातल्या चिठ्ठीत होते, एम.बी.त, म्हणजे मोजमापाच्या वहीत, चढवायचे राहिले होते. तो म्हणाला, साहेब, यंदा सांभाळून घ्या. बस्, एवढंच."

"मग?"

"लिहायला पेन उचललं आणि तुझी आई डोळ्यांसमोर आली. केस वाळवत बसलेली." थोड्या वेळाने म्हणाले, "साडेसात लिहिलं."

आईला जाऊन अकरा वर्षं झाली. तिला हे माहीत होतं का, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. अण्णाच म्हणाले, "शल्याने निदान विचारलं तरी, कुणी केलं म्हणून. मी तेवढंही विचारलं नाही. कोयनेपासून पुळ्यापर्यंत तीन ठिकाणी जेवलो, एका जागी पैसे द्यायला खिशात हात घातला, तर तिथला माणूस म्हणाला, झालेत. मी हात बाहेर काढला."

"का नाही विचारलं?"

"विचारलं असतं तर कळलं असतं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझे वडील खात्यातले स्वच्छ माणूस होते, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. दिवाळीला आलेला मिठाईचा पुडा आणणाऱ्याच्याच हातात परत जायचा. आमच्या घरात फ्रीज आला तो मी कॉलेजात गेल्यावर, सोसायटीचं कर्ज काढून. कुणी पाकीट पुढे केलं असतं तर त्यांनी ते तोंडावर फेकलं असतं. दुर्योधनालाही बहुधा हेच ठाऊक होतं. शल्याला सोनं पाठवलं असतं तर त्याने ते लाथाडलं असतं, राजाच तो. त्याच्या वाटेवर विहिरी खणल्या, हे दुर्योधनाचं खरं माणूस ओळखणं. लोभी माणसाला लोभाने धरता येतं. सज्जन माणसाला त्याच्या सज्जनपणानेच धरावं लागतं, आणि आपल्याकडे तर लहानपणापासून शिकवतात, खाल्ल्या मिठाला जागावं. त्यासाठी मराठीत एक नेमका शब्द आहे, मिंधा. गेल्या काही वर्षांत राजकारणात तो दगडासारखा एकमेकांवर फेकला गेला, आणि त्यातलं दुःख हरवून गेलं. मिंधा माणूस चोर नसतो. त्याच्यावर कुणीतरी उपकार केलेला असतो आणि तो विसरू शकत नाही.

युद्धाच्या पहिल्या दिवशी, लढाई सुरू होण्याआधी, युधिष्ठिर कवच उतरवून, शस्त्र ठेवून, पायी शत्रूच्या सैन्यात जातो. वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद घ्यायला. भीष्म त्याला म्हणतात,

अर्थस्य पुरुषो दासो दासस्त्वर्थो न कस्यचित् ।
इति सत्यं महाराज बद्धोऽस्म्यर्थेन कौरवैः ॥

माणूस अर्थाचा, म्हणजे धनाचा, दास आहे, अर्थ कुणाचाच दास नाही. महाराज, हे खरं आहे, कौरवांनी मला अर्थाने बांधलंय. तिथून तो द्रोणांकडे जातो. द्रोण तेच म्हणतात. मग कृपाचार्य. मग शल्य. चार माणसं, चौघांच्या तोंडी तोच श्लोक. लहानपणी कीर्तनात हा भाग ऐकला होता तेव्हा वाटायचं, बुवांना नवीन काही सुचत नाही म्हणून तेच तेच म्हणतायत. आता कळतं की व्यासांना चौघांचे वेगवेगळे शब्द नकोच होते. इतकी भिन्न माणसं, आणि जाब द्यायची वेळ आली की सगळ्यांकडे एकच उत्तर. त्या रणांगणावर सगळ्यात मोठे योद्धे ज्या कारणासाठी उभे होते, ते असं एका श्लोकात मावतं.

आपण भ्रष्टाचार म्हटला की रावण शोधतो. मीही शोधला. २०११च्या ऑगस्टमध्ये रामलीला मैदानावर अण्णा हजारेंचं उपोषण चालू होतं, तेव्हा आमच्या चौकात मेणबत्ती घेऊन मी रोज उभी असायचे. तो राग खरा होता, त्याची मला आजही लाज वाटत नाही. लोकपालाचा कायदा झाला, २०१४च्या जानेवारीत लागू झाला, आणि पहिला लोकपाल नेमायला २०१९चा मार्च उजाडला. पाच वर्षं खुर्ची रिकामी राहिली आणि आमच्या चौकात कुणी पुन्हा मेणबत्ती लावली नाही. मीही नाही. कारण आमचा राग "त्यां"च्यावर होता. नोटांच्या गठ्ठ्यांचे फोटो छापून येतात, मोजायला मशिनं आणतात, ते "ते". त्या फोटोंत पुळ्याचा व्हरांडा कधीच नसतो.

२०२२च्या जूनमध्ये महाराष्ट्राचे आमदार आधी सुरतला आणि मग गुवाहाटीला गेले. तिथल्या हॉटेलातून सांगोल्याच्या आमदारांचं फोनवरचं बोलणं बाहेर आलं, "काय झाडी, काय डोंगार, काय हाटील." महाराष्ट्र पोट धरून हसला. त्याची गाणी झाली, रिंगटोन झाल्या. दुष्काळी मुलखातल्या माणसाने हिरवा डोंगर बघून भारावून जावं यात हसण्यासारखं मला काही दिसलं नव्हतं, आणि उद्योगपर्व पुन्हा वाचल्यावर तर अंगावर काटाच आला. शल्यही असाच भारावला होता. पैशांचे आरोप झाले, ते नाकारले गेले. मुक्काम मात्र सगळ्या राज्याने डोळ्यांनी पाहिला.

आणि हे एकाच पक्षाचं पाप म्हणावं, तर तसंही नाही. १९८४च्या ऑगस्टमध्ये आंध्रात एन. टी. रामारावांचं सरकार बरखास्त झालं तेव्हा त्यांचे आमदार कर्नाटकात नेऊन ठेवले होते. २०१७मध्ये गुजरातचे काँग्रेस आमदार बंगळुरूजवळच्या रिसॉर्टवर होते. २०१९च्या नोव्हेंबरात आपल्याकडे निकालानंतर सरकार बनत नव्हतं, तेव्हा कुणी जयपूरला, कुणी मुंबईतल्याच हॉटेलांत. प्रत्येक वेळी सांगितलं जातं, आमची माणसं फुटू नयेत म्हणून. म्हणजे मंडप उभारल्याशिवाय आपल्या माणसालाही आपलं ठेवता येत नाही, इथवर आपण आलोय. ज्याला आपण तीन-चार लाख लोकांच्या वतीने निवडून दिलं, त्याच्या जेवणाचं बिल कुणी भरलं, हा प्रश्न विधानसभेच्या निवडणुकीत मला एकदाही ऐकू आला नाही.

कायद्याचाही या वाटेवर पाय अडखळला आहे. १९९३च्या २८ जुलैला नरसिंह रावांच्या सरकारवरचा अविश्वास ठराव २५१ विरुद्ध २६५ मतांनी पडला. सरकार वाचवण्यासाठी झारखंड मुक्ती मोर्चाच्या आणि इतर काही खासदारांनी पैसे घेतल्याचा खटला उभा राहिला. १९९८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने सांगितलं की ज्यांनी पैसे घेऊन मत दिलं, त्यांना संसदेतल्या मताबद्दलचं घटनेचं संरक्षण आहे. पैसे घेऊनही ज्याने मत दिलं नाही, त्याला ते नाही. म्हणजे मिठाला जागला तो सुटला. हा निकाल सव्वीस वर्षं उभा होता. २०२४च्या ४ मार्चला सात न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने तो मोडून काढला आणि सांगितलं, लाच स्वीकारली त्या क्षणीच गुन्हा पूर्ण होतो, पुढे तुम्ही मत कसं दिलं याच्याशी त्याचा संबंध नाही. मी हे अण्णांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बरोबर आहे. जेवलो तेव्हाच झालं होतं. सही नंतरची."

सरकारी नोकरांसाठीचे नियमही काही आंधळे नाहीत. महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम १९७९चे. त्यात भेट या शब्दात फुकटचा प्रवास, राहणं, जेवण सगळं धरलं आहे. प्रसंगाने झालेलं एखादं जेवण चालतं, पण कामाचा संबंध असलेल्या माणसाचा भारी पाहुणचार टाळावा, असं लिहिलं आहे. नियम लिहिणाऱ्याला शल्य माहीत असावा असं वाटतं.

पण मला ज्या ओळीने अजून सोडलेलं नाही, ती दुर्योधनाची नाही, युधिष्ठिराची आहे.

शब्द देऊन बसलेला शल्य तसाच पांडवांच्या छावणीत जातो आणि झालेलं सगळं भाच्याला सांगतो. युधिष्ठिर रागावत नाही. म्हणतो, मामा, तुम्ही शब्द दिलात, चांगलं केलंत. आता माझं एक काम करा. कर्णाचं सारथ्य तुमच्याकडे येईल, तेव्हा त्याचं तेज मारा, त्याचं खच्चीकरण होईल असं बोला. आणि पुढे म्हणतो, "अकर्तव्यमपि ह्येतत्कर्तुमर्हसि मातुल." हे करू नये असंच आहे, तरी मामा, तुम्ही ते कराच.

धर्मराज म्हणतो हे. आणि किती ओळखीचं आहे! नियमात बसत नाही, मला कळतंय, पण तुम्ही मनावर घेतलंत तर होईल. माझ्या मुलाच्या अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी मी हेच वाक्य फोनवर बोलले आहे, एका ओळखीच्या गृहस्थांना, आणि शेवटी "काका" म्हणायलाही विसरले नाही. प्रवेश झाला. यादीतलं कुणाचं तरी नाव एका जागेने खाली गेलं असणार. त्या मुलाचा किंवा मुलीचा चेहरा मी कधी पाहिला नाही, म्हणून झोप लागत होती. आपल्याकडे दवाखाना असो, तहसील असो, पहिला प्रश्न काय काम आहे हा नसतो. तिथे कुणी ओळखीचं आहे का, हा असतो. दुर्योधनाने नातं नसताना शल्याला मिंधं केलं. युधिष्ठिराने नात्याचाच हात धरला. दोघांनाही जे हवं होतं ते मिळालं.

शल्याने दोन्ही शब्द पाळले. सतराव्या दिवशी कर्णाच्या रथावर बसून त्याला हिणवलं, आणि अठराव्या दिवशी कौरवांचा सेनापती झाला. त्याच्या आदल्या रात्री कृष्ण युधिष्ठिराला सांगतो, हा माझा मामा आहे म्हणून इथे दया करू नकोस. दुसऱ्या दिवशी रणांगणात युधिष्ठिर शक्ती फेकतो. शल्य दोन्ही हात पसरून जमिनीवर पडतो. व्यास म्हणतात, प्रिय स्त्रीने पुढे होऊन कवेत घ्यावं तशी पृथ्वी त्याला घ्यायला वर आली. मराठीत शल्य म्हणजे आत मोडून राहिलेला काटा. वरून जखम बुजते, थंडीत ठणकतं.

हा भाग वाचला तोपर्यंत अण्णांचा दुसरा डोळाही बरा झाला होता. ऐकून काही बोलले नाहीत. पट्टी गेली, चष्मा आला, आणि जानेवारीत एक दिवस म्हणाले, "त्या मायनरवर नेशील का मला?"

आम्ही गेलो. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडचा भाग, कृष्णेच्या खोऱ्यातलाच. कालव्यावरून मायनर फुटते तिथे गाडी ठेवली आणि तिच्या कडेने चालत निघालो. ऊस, ऊस, मग ज्वारी. अंतर दाखवणारे साखळीचे दगड अजून उभे होते, आकडे पुसलेले. एका ठिकाणी अण्णा थांबले, वाकले आणि काठीच्या टोकाने काँक्रीटवर ठोकलं. पोकळ वाजलं. चार पावलं पुढे जाऊन पुन्हा ठोकलं. खालची माती केव्हाच धुऊन गेली होती, अस्तराचा पापुद्रा नुसता अधांतरी होता. त्याच्यापुढे तोही नव्हता. तुकडे पडले होते, मधून घाणेरी वाढली होती. अण्णांनी एक तुकडा उचलला आणि अंगठा आणि तर्जनीच्या मधे धरून बघितला. मोजायला पट्टी लागली नाही. मग तो होता तिथे ठेवला.

टेलला, म्हणजे मायनरच्या शेवटाला, पोचायला आम्हाला तासभर लागला. तिथे मायनर म्हणजे बाभळींमधली एक घळ होती. पलीकडे मात्र हरभऱ्याचं हिरवंगार रान. बांधावरचा माणूस आमच्याकडे बघत होता. साठीचा असेल. एवढा म्हातारा माणूस काठी टेकत आडरानात आलेला बघून तो पुढे आला, बसायला पोतं अंथरलं, पाणी दिलं. पाटाचं पाणी येतं का, असं मी विचारलं.

"हितवर न्हाई येत ताई. वरच मुरतंय समदं. माझा बा वाट बघून बघून गेला. हे बोअरवर केलंय."

अण्णा काही बोलले नाहीत. कोण आहोत हे आम्ही सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही. निघताना त्याने हरभऱ्याचा डहाळा उपटला, चांगली दोन्ही हातांत मावणारी जुडी केली, मुळांची माती झटकली आणि अण्णांपुढे धरली.

अण्णांनी हात पुढे केला नाही.

"हे रान कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"आमचंच की बाबा."

"आणि या डहाळ्याचे किती द्यायचे?"

तो माणूस दुखावला. "पैसं कशाला? घरी न्या. पोरं खातील."

अण्णा बराच वेळ त्याच्याकडे बघत उभे राहिले. नव्या डोळ्यांना ऊन सहन होत नव्हतं की काय, पाणी येत होतं. मग त्यांनी जुडी घेतली. गाडीत मी म्हटलं, मागे ठेवा ना अण्णा, कपड्यांना खार लागेल. त्यांनी ऐकलं नाही. घरी पोचेपर्यंत डहाळा त्यांच्या मांडीवर होता, आणि त्यातला एक घाटाही त्यांनी सोलला नव्हता.